सामायिक संगणकावर विटांची रचना : आज्ञावली बसविण्याची व अडचणी निवारण्याची रीत

खाजन शेतीच्या गावात वाढलेल्या मुलाला मानस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ओहोटीच्या वेळी उघडणारी आणि भरतीचे पाणी चढू लागताच आपोआप मिटणारी ती लाकडी दारे त्याने बांधावरून जातायेता पाहिलेली असतात. परंतु ती दारे कोणाच्या हाताविना कशी मिटतात, कोणत्या अंगाला उघडतात आणि खाऱ्या पाण्याचा दाब कोणत्या बाजूने येतो, असे विचारले असता पुष्कळदा उत्तर मिळत नाही. पाहणे आणि समजणे यांमध्ये अंतर असते. ते अंतर तोडण्याचा एक खात्रीचा उपाय म्हणजे ती वस्तू, लहान प्रमाणावर का होईना, स्वतः रचून पाहणे होय.

एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा या कामी फार उपयोगी पडतात. मात्र चांगल्या विटा महाग असतात आणि चाळीस मुलांच्या वर्गाला पुरतील इतक्या विटा विकत घेणे खेड्यातील शाळेला क्वचितच परवडते. यावर तोडगा म्हणून संगणकाच्या पडद्यावर विटा रचण्याच्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, उपलब्ध आहेत व त्यांतील उत्तमांपैकी काही विनामूल्य आहेत. देशात २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाखालील टिंकरिंग प्रयोगशाळा, तसेच गोवा राज्यात 'केअर्स' या नावाने ओळखली जाणारी शालेय कोडिंग व रोबोटिक्स शिक्षण योजना यांच्यामुळे मुलांच्या हातांना रचनेचे वळण लावण्याचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. ज्या शाळेत, वाचनालयात किंवा पंचायत घरात एकच संगणक अनेकांना वापरावा लागतो, तेथे अशी आज्ञावली कशी बसवावी आणि ती अडली तर काय करावे, याची माहिती शिक्षकांस व ग्रामस्थांस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

विटेचे मोजमाप

डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनविण्यास आरंभ केला. 'छान खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याच्या कारखान्यास लेगो हे नाव मिळाले. आज आपण जी वीट पाहतो तिच्या जोडणीचा एकस्व अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. वरच्या बाजूस गोल खुंट्या आणि आतून पोकळ नळ्या, अशा या योजनेमुळे विटा एकमेकींना धरून राहतात.

या विटेचे माप ठरीव आहे. दोन शेजारच्या खुंट्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची ३.२ मिलिमीटर. अर्थात तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची भरते. मोजमापाच्या या शिस्तीमुळेच वीट संगणकात उतरविणे सोपे झाले.

थोड्या विटांतून किती रचना संभवतात याचा अंदाज सहसा येत नाही. एकाच रंगाच्या, २×४ खुंट्यांच्या सहा विटा घेतल्या तर त्या १०,२९,८१,५०० प्रकारे जोडता येतात, असे पूर्वी सांगितले जात असे. त्या गणनेत केवळ सहा थर उंचीचे मनोरेच धरलेले होते. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी कमी उंचीच्या रचनाही हिशेबात घेतल्या, तेव्हा हा आकडा ९१,५१,०३,७६५ इतका निघाला. सहा विटांची ही कथा. पडद्यावर तर विटांना तोटाच नसतो.

कोणती आज्ञावली निवडावी

१९९५ साली जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने एलड्रॉ नावाची आज्ञावली लिहिली. १९९७ साली त्याचे अकाली निधन झाले. परंतु त्याने घालून दिलेली विटांची नोंद करण्याची पद्धत जगभरच्या हौशी मंडळींनी पुढे चालविली. आज एलड्रॉचे विटांचे भांडार हजारो भागांचे असून ते मोकळ्या परवान्याखाली कोणासही वापरता येते. या भांडारावर चालणारी लिओकॅड ही आज्ञावली विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. सामायिक आणि काहीशा जुन्या संगणकासाठी ती सर्वांत सोयीची होय.

दुसरी आज्ञावली म्हणजे ब्रिकलिंक स्टुडिओ. तीही विनामूल्य आहे आणि तिच्यात तयार होणारे चित्र अधिक देखणे असते. परंतु ती केवळ विंडोज व मॅकवर चालते आणि तिला नव्या धर्तीचा, पुरेशा स्मृतीचा संगणक लागतो. २०१९ साली ब्रिकलिंक ही संस्था लेगोने आपल्याकडे घेतली.

काही शाळांतील जुन्या संगणकांवर लेगो डिजिटल डिझायनर ही आज्ञावली आढळते. ती २००४ साली निघाली. २०१६ साली तिच्या वाढीचे काम थांबविण्यात आले आणि २०२२ च्या आरंभी ती अधिकृतपणे मागे घेऊन तिच्या जागी स्टुडिओची शिफारस करण्यात आली. ती आता नव्याने बसवू नये. मात्र तिच्यात केलेले मुलांचे काम फेकून देण्याचे कारण नाही. तिच्या एलएक्सएफ प्रकारच्या फाईली स्टुडिओमध्ये उघडता येतात आणि तेथून एलड्रॉच्या पद्धतीत बाहेर काढता येतात.

बसविण्याची रीत

सामायिक संगणकावर दोन प्रकारची खाती असतात. एक व्यवस्थापकाचे, ज्यास काहीही बसविण्याचा वा बदलण्याचा अधिकार असतो. आणि दुसरे साधे, जे विद्यार्थ्यांसाठी असते. बहुतेक अडचणींचे मूळ या दोहोंतील फरकात असते, म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. संगणकाचा प्रकार, विंडोजची आवृत्ती, ती ६४ बिटांची आहे की ३२, आणि रिकामी जागा किती, हे प्रथम वहीत नोंदवावे. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्या संगणकावर पुढील आवृत्ती चढत नाही, तेथे लिनक्सचा विचार अवश्य करावा.

२. आज्ञावली तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी. कक्षात दहा संगणक असल्यास दहा वेळा उतरविण्याची गरज नाही. एकदा उतरवून, विषाणूतपासणी करून, ती पेनड्राइव्हवर घ्यावी. विटांचे भांडार हे संकुचित स्वरूपातील एकाच फाईलमध्ये मिळते, तेही त्याच वेळी घेऊन ठेवावे.

३. व्यवस्थापकाच्या खात्यातून आज्ञावली बसवावी. 'सर्व वापरणाऱ्यांसाठी' असा पर्याय विचारला गेल्यास तोच निवडावा. ती एखाद्या व्यक्तीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसविली तर दुसऱ्याच्या खात्यातून दिसत नाही.

४. विटांचे भांडार सर्वांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवावे. परंतु त्यात लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्यांच्या खात्यास देऊ नये. लिओकॅड भांडाराची संकुचित फाईल न उलगडताच वाचू शकते. उलगडल्यास हजारो लहान फाईली तयार होतात आणि विषाणुरोधक आज्ञावली त्यांतील एकेक तपासत बसल्याने संगणक मंदावतो.

५. यानंतर व्यवस्थापकाचे खाते बंद करून विद्यार्थ्याच्या खात्यातून आज्ञावली उघडावी, दोन विटा जोडाव्यात, फाईल जतन करावी, बंद करावी आणि पुन्हा उघडून पाहावी. हा पडताळा घेतल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये. मुले बसणार आहेत ती याच खात्यात.

६. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ती फाईल जागेवर आहे की नाही हे पाहावे. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण तिचे महत्त्व पुढे कळून येईल.

लिनक्सवर लिओकॅड ही ॲपइमेज नावाच्या एका फाईलच्या रूपात मिळते. ती बसवावी लागत नाही. मात्र तिला चालविण्याची अनुमती द्यावी लागते. फाईलवर उजवी कळ दाबून तिच्या गुणधर्मांत ही अनुमती देता येते.

नेहमी येणाऱ्या अडचणी

आज्ञावली उघडते पण विटा दिसत नाहीत. ही तक्रार सर्वाधिक असते. आज्ञावलीला भांडाराचा पत्ता सापडलेला नसतो. काही लिनक्स आवृत्त्यांच्या संग्रहातून लिओकॅड घेतल्यास भांडार सोबत येतेच असे नाही. अशा वेळी ते वेगळे आणून, आज्ञावलीच्या पसंतीच्या मांडणीत त्याचा पत्ता द्यावा. येथे एक खोच आहे. ही पसंती प्रत्येक खात्यापुरती स्वतंत्र नोंदली जाते. शिक्षकांनी आपल्या खात्यात पत्ता दिला तरी विद्यार्थ्याच्या खात्यात पडदा रिकामाच राहतो. यावर उपाय असा की, संगणकाच्या सर्वसाधारण मांडणीत, जेथे सर्व खात्यांना लागू होणारे 'परिस्थिती-चल' नोंदविले जातात, तेथे लिओकॅड आणि लिब हे शब्द रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत, मध्ये अधोरेषा घालून, नाव म्हणून लिहावेत व किंमत म्हणून भांडाराचा पत्ता द्यावा. एकदा केलेली ही नोंद सर्व खात्यांना पुरते.

पडदा काळा पडतो अथवा आज्ञावली उघडताच मिटते. त्रिमिती चित्र काढण्यासाठी या आज्ञावल्या ओपनजीएल नावाच्या व्यवस्थेवर विसंबतात. चित्रपत्त्याची स्वतःची चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, बसविलेली नसेल तर विंडोज आपली साधी व्यवस्था वापरते आणि ती ओपनजीएलच्या १.१ या फार जुन्या आवृत्तीपलीकडे जात नाही. संगणक अथवा चित्रपत्ता बनविणाऱ्याच्या स्थळावरून योग्य ड्रायव्हर आणून बसविल्यास ही अडचण बहुधा दूर होते. एकाच मुख्य संगणकाला अनेक पडदे जोडून काम चालविलेल्या कक्षात ही तक्रार अधिक येते. तेथे रचनेचे काम मुख्य संगणकावरच करावे हे बरे.

दर वेळी परवलीचा शब्द विचारला जातो. काही आज्ञावल्या सुरू होताच आपली नवी आवृत्ती उतरवू पाहतात आणि त्यासाठी व्यवस्थापकाची अनुमती मागतात. मुलांना व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द सांगणे हा यावरील उपाय नव्हे. महिन्यातून एक दिवस ठरवून शिक्षकांनी अथवा कक्ष सांभाळणाऱ्याने सर्व संगणक अद्ययावत करावेत. सर्व संगणकांवर एकच आवृत्ती राहणे हेही महत्त्वाचे आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाईल जुनीत नीट उघडेलच याचा भरवसा नसतो.

ॲपइमेज चालतच नाही. उबुंटूच्या २२.०४ व त्यापुढील आवृत्त्यांत फ्यूज-२ हे साहाय्यक ग्रंथालय मुळात बसविलेले नसते, आणि पुष्कळशा ॲपइमेज फाईलींना ते लागते. ते उबुंटूच्या संग्रहातून आणून बसवावे.

एका संगणकावरील फाईल दुसरीकडे अपुरी दिसते. कारणे दोन. दुसऱ्या संगणकावरील भांडार जुने असून त्यात नवे भाग नाहीत, हे एक. दुसरे असे की, लिनक्समध्ये रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजमध्ये मानली जात नाहीत. त्यामुळे भागाच्या वा उपरचनेच्या फाईलचे नाव एकीकडे सापडते व दुसरीकडे सापडत नाही. नावे नेहमी लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहिण्याची सवय मुलांना लावावी.

एका वर्गाचा अनुभव

शाळांना भेटी देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास कामानिमित्त वारंवार येतो. खाजन पट्ट्यातील एका शाळेत सातवीच्या मुलांनी गावच्या मानशीची प्रतिकृती पडद्यावर रचावयास घेतली होती. पाच मुलांमागे एक संगणक. चार आठवडे काम चालले. प्रत्येक तासाच्या शेवटी मुले फाईल जतन करीत आणि संगणक बंद न करता पडदा मिटवून जात. पाचव्या आठवड्यात रात्री वीज गेली. सकाळी संगणक पुन्हा सुरू केले तेव्हा एकाही संगणकावर एकही फाईल नव्हती.

कारण शोधता असे आढळले की, संगणक बिघडू नयेत म्हणून प्रत्येक आरंभी त्यांना मूळ स्थितीवर आणणारी व्यवस्था त्यांवर बसविलेली होती. अशी व्यवस्था पुष्कळ कक्षांत असते आणि विषाणूंपासून ती बचावही करते. फक्त, बसविल्या दिवसापासून जे काही नवे साठविले जाते ते पुढील आरंभी पुसले जाते, ही गोष्ट शिकविणाऱ्या बाईंना कोणी सांगितलेली नव्हती. "बाई, आमची मानस कुठे गेली?" या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

काम वाचले ते एका वहीमुळे. एका गटातील मुलीच्या हाती माऊस फारसा येत नसे, म्हणून ती शेजारी बसून प्रत्येक थरातील विटांचे क्रमांक, रंग आणि जागा वहीत उतरवीत असे. तिच्या वहीवरून तो गट दोन दिवसांत पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी माऊस तिच्या हाती होता. पुन्हा रचताना एक चूकही सापडली. दारे उलट्या अंगाला उघडत होती. ती तशीच राहती तर भरतीचे पाणी दार ढकलून आत शिरले असते आणि सारे शेत खारावले असते. चार आठवड्यांत जे कोणाच्या ध्यानी आले नाही, ते दुसऱ्यांदा रचताना आले. तरीही इतर गटांच्या वह्या नव्हत्या आणि त्यांचे काम परत मिळाले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काम जपण्याची पद्धत

त्या मुलीने वहीत जे लिहिले, जवळजवळ तेच एलड्रॉची फाईल करते. एलडीआर प्रकारची फाईल ही कोणत्याही साध्या लेखन-आज्ञावलीत उघडता येणारा मजकूर असतो. प्रत्येक विटेसाठी एक ओळ. ओळीच्या आरंभी १ हा अंक 'हा एक भाग आहे' असे सांगतो. पुढचा अंक रंगाचा; ४ म्हणजे तांबडा, १४ म्हणजे पिवळा. त्यानंतरचे तीन अंक जागा दाखवितात, पुढील नऊ अंक वीट कशी फिरविली आहे ते सांगतात आणि शेवटी भागाचा क्रमांक येतो. २×४ खुंट्यांच्या विटेचा क्रमांक ३००१ आहे. जागा मोजण्याचे एकक ०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे दोन खुंट्यांतील अंतर २० एकके आणि विटेची उंची २४ एकके. उंचीचा अक्ष खाली जाणारा धरलेला असल्याने वरच्या थरातील वीट उणे २४ वर बसते. उणे संख्या कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलांना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. अशी फाईल कागदावर छापून ठेवता येते आणि संगणक नाहीसा झाला तरी तिच्यावरून रचना पुन्हा उभारता येते.

म्हणून शिक्षकांनी पुढील नियम कक्षाच्या भिंतीवर लावावेत. दर दहा मिनिटांनी फाईल जतन करावी. तासाच्या शेवटी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा शाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी. फाईलच्या नावात इयत्ता, गट आणि दिनांक असावा, जेणेकरून आजचे काम कालच्या कामावर चढून बसणार नाही. स्टुडिओ वापरणाऱ्यांनी आपल्या आयओ प्रकारच्या फाईलसोबत एलड्रॉ पद्धतीची एक प्रतही काढून ठेवावी. आज्ञावल्या येतात व जातात. साधा मजकूर मात्र तीस वर्षांनंतरही वाचता येतो, हे १९९५ पासून चालत आलेल्या या पद्धतीने दाखवून दिले आहे.

कक्षातील संगणक मूळ स्थितीवर येणारे असतील तर ते बसविणाऱ्याकडून एक स्वतंत्र विभाग न पुसला जाणारा असा मोकळा करून घ्यावा. हे काम अल्प वेळाचे असते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी लेखी मागणी करावी आणि त्या विभागाचे नाव प्रत्येक संगणकावर चिकटवून ठेवावे. गटातील कामेही वाटून द्यावीत. एकाने माऊस धरावा, दुसऱ्याने विटा मोजाव्यात, तिसऱ्याने वहीत नोंद करावी आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात. असे केले म्हणजे संगणक एक असला तरी शिकणारे पाचही जण राहतात.

पालकांना व पंचायतीच्या सभासदांना एवढेच सांगणे आहे की, पडद्यावर रंगीत विटा मांडणारे मूल केवळ खेळत आहे असे समजू नये. आपल्याच गावचा बांध, आपलीच मानस, आपल्याच देवळाची दीपमाळ ते मापाने समजून घेत असते. त्याचे काम संध्याकाळी बंद झालेल्या संगणकात सकाळी जसेच्या तसे सापडावे, एवढी तजवीज मात्र आपण मोठ्यांनी करावयाची आहे.